कोटेशनमध्ये न लिहिलेले दिवस

लग्नाच्या फोटोंचं कोटेशन मागवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण अशी यादी येते: दोन ट्रॅडिशनल कॅमेरे, एक कँडिड, एक सिनेमॅटिक, ड्रोन, 40 पानी करिझ्मा अल्बम, टीझर, पाच रील, पेनड्राईव्ह आणि वर फोटोचं घड्याळ फ्री. खाली एक गोल आकडा. यादीत सगळं आहे, फोटोग्राफरचे दिवस तेवढे नाहीत. तीन हजार फोटोंतून निवड कोण करणार, प्रत्येकाचा रंग-उजेड कोण सारखा करणार, अल्बमची पानं कोण लावणार, व्हिडिओच्या मिक्सिंगला किती रात्री जाणार, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग ग्राहकही जे लिहिलंय तेच मोजतो. पलीकडच्या चौकातला स्टुडिओ त्याच पैशांत वर एलईडी स्क्रीन देत असेल, तर तो स्वस्त ठरतो. यात ग्राहकाची चूक काढता येत नाही. त्याच्यासमोर ठेवलेली यादीच वस्तूंची आहे.

फोटोग्राफीचा भाव हा विषय निघाला की बोलणं बहुधा दोनच वाटांनी जातं. कुणी कलेचं मोल पैशांत होत नाही म्हणतो, कुणी थेट मार्केट रेट विचारतो. दोघंही वही उघडत नाहीत. ती उघडली की दिसतं ते असं: या धंद्यात खरं तर दिवस विकले जातात, आणि विकण्याजोगे दिवस वर्षात फार थोडे असतात. विकल्या गेलेल्या दिवसाने न विकलेल्या दिवसांचाही भार उचलायचा असतो. नफ्यातोट्याचे बाकीचे प्रश्न, म्हणजे पॅकेज, सवलत, जीएसटी, कॉपीराइट, सगळे या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

वस्तूंवरून भाव लावण्याची सवय रोलच्या काळातली आहे आणि त्या काळी ती रास्तही होती. 35 मिलिमीटरच्या रोलवर 36 फोटो, 120च्या रोलवर चौकोनी 12. प्रत्येक क्लिकला पैसे पडतात हे यजमानालाही ठाऊक असायचं. ‘चार रोल मारा, जास्त नको’ असं मुलीचे वडील आधीच सांगून ठेवायचे. भाव रोलवर आणि प्रतींवर ठरायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निगेटिव्ह स्टुडिओत राहायची. मामांना दोन प्रती हव्यात, आत्याला मोठी फ्रेम हवी, दहा वर्षांनी आजोबा गेले आणि लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून हवा, की पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागायची. लग्नाच्या दिवशीचा भाव कमी ठेवला तरी मागाहून येणाऱ्या प्रतींत तो भरून निघे.

डिजिटलने ही मागची मिळकत कापली. 2003 साली कॅननचा 300डी हौशी माणसाला परवडेल अशा किमतीत आला. 2008च्या 5डी मार्क टूने त्याच बॉडीत फुल एचडी व्हिडिओ दिला आणि ‘सिनेमॅटिक’ लग्नांचं दार उघडलं. जानेवारी 2012मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंत रोल केव्हाच दिसेनासा झाला होता. क्लिक फुकट झाली असं सगळ्यांना वाटलं. ती फुकट झाली नाही, तिचा खर्च दुसऱ्या खात्यावर गेला. रोलच्या लग्नात दीडशे फोटो निघत, आता तीन-चार हजार निघतात. त्या काळातल्या डीएसएलआरच्या शटरचं आयुष्य कंपनीच दीड ते दोन लाख क्लिकचं सांगायची. लग्नाला चार हजार धरले तर चाळीस-पन्नास लग्नांत ते संपतं. शंभर मेगाबिट वेगाने काढलेला फोरके व्हिडिओ तासाला 45 जीबी जागा खातो, आणि जबाबदार माणूस त्याच्या किमान दोन प्रती ठेवतो. त्यावर संगणकापुढे बसण्याचे दिवस वेगळे. निगेटिव्हही आता ग्राहकाच्या खिशात जाते: ‘सगळे फोटो पेनड्राईव्हमध्ये द्या’ हे पहिल्याच बैठकीत ठरतं. म्हणजे मागाहूनची मिळकत गेली, काम वाढलं, पण भाव मात्र अजून अल्बमच्या पानांवर टांगलेला राहिला.

गावातल्या स्टुडिओचा दुसरा आधार पासपोर्ट साईज फोटोचा होता. रोज सुटे पैसे गल्ल्यात पडायचे, भाडं निघायचं. तो आधार सरकारी यंत्रांनी हळूहळू काढून घेतला. 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीपासून आधार कार्डांना सुरुवात झाली ती केंद्रावरच्या वेबकॅमने फोटो काढून. पासपोर्ट सेवा केंद्रातही फोटो खिडकीवरच काढतात. शाळा-कॉलेजच्या फॉर्मला अजून फोटो लागतो, पण तो मोबाईलवर काढून सायबर कॅफेत छापला जातो. दुकानाचं भाडं आता एकट्या लग्नांच्या डोक्यावर आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडू. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओ असलेला एक फोटोग्राफर आहे. घरी महिन्याला 40,000 न्यायचे म्हटलं तर वर्षाचे 4,80,000. गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट मिळून महिना 15,000, वर्षाचे 1,80,000. दोन बॉडी, तीन-चार लेन्स, फ्लॅश, गिंबल, संगणक असं 9 लाखांचं सामान; पाच वर्षांनी बदलायचं धरलं तर वर्षाला 1,80,000 बाजूला पडायला हवेत. सॉफ्टवेअरची वर्गणी, हार्डडिस्क, विमा, फोन यांना 70,000. गाडी आणि जाहिरात 60,000. हिशेब लिहिणाऱ्याचे 20,000. दुरुस्ती आणि अडीनडीला 60,000. बेरीज होते 10,50,000. कॅमेरा बॅगेतून बाहेर काढण्याआधीचा हा खर्च आहे.

वर्षाला 35 लग्नं मिळाली तर प्रत्येक लग्नावर यातले 30,000 बसतात. शिवाय त्या-त्या लग्नाचा रोख खर्च: साथीचा फोटोग्राफर 6,000, व्हिडिओवाला 8,000, मिक्सिंग 6,000, अल्बम 10,000, प्रवास आणि जेवणखाण 3,000, पेनड्राईव्ह आणि साठवण 2,000. एकूण 35,000. म्हणजे लग्न 65,000ला पडलं, त्यात धंद्याचा नफा अजून धरलेलाच नाही. विक्रीवर 15 टक्के नफा हवा असेल तर भाव 76,500च्या आसपास जातो. आणि बाजारात चाललेला रेट, समजा, 55,000 आहे.

इथे एक गंमत होते, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला गंमत. 55,000ला काम घेणाऱ्याला तोटा दिसतच नाही. लग्नामागे 35,000 खर्च जाऊन हातात 20,000 उरतात. 35 लग्नांचे 7 लाख. त्यातून भाडं, वर्गण्या, गाडी, हिशेबनीस यांचे 3,30,000 गेले तरी 3,70,000 राहतात. महिन्याला तीस हजारांच्या वर. ‘चाललंय बरं’ असं तो म्हणतो आणि खोटं बोलत नाही. फक्त कॅमेऱ्याचे 1,80,000 आणि अडीनडीचे 60,000 त्याने बाजूला ठेवलेले नसतात. ते ठेवले असते तर वर्षाची खरी कमाई 1,30,000 भरली असती, महिन्याला अकरा हजारांच्याही आत. पाचव्या वर्षी शटर जातं किंवा ग्राहक नवा मॉडेल मागू लागतात, तेव्हा कर्ज काढावं लागतं. मग तो हप्त्याला दोष देतो. खरं तर ते पैसे चार वर्षं घरखर्चात गेलेले असतात.

आयकराच्या हिशेबात कॅमेऱ्यासारख्या यंत्राला सर्वसाधारणपणे 15 टक्के आणि संगणकाला 40 टक्के घसारा मिळतो. तो कायद्याचा आकडा. भाव ठरवताना त्याचा उपयोग नाही. लग्नाच्या धंद्यातली बॉडी त्यापेक्षा लवकर म्हातारी होते, तर चांगली लेन्स दहा वर्षंही टिकते. सामानाच्या प्रत्येक नगाचं आयुष्य वेगळं धरलं की अंदाज अधिक खरा येतो.

वर्षाचा खर्च काढून तो विकल्या जाणाऱ्या दिवसांनी भागायचा, ही रीत नवी नाही. अमेरिकेतल्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेने, नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशनने, याच तत्त्वावरचा कॅल्क्युलेटर आपल्या सभासदांसाठी तयार केलेला आहे. आपल्याकडे अडचण भागाकाराच्या खालच्या आकड्याची आहे. तिकडचा फोटोग्राफर आठवड्याला अमुक दिवस काम असा अंदाज बांधू शकतो. महाराष्ट्रातल्या लग्नाच्या फोटोग्राफरचे दिवस पंचांग ठरवतं. तुळशीचं लग्न लागल्यावर हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बहुतेक ठिकाणी थांबतो. मधल्या महिन्यांतही तिथी सारख्या पसरलेल्या नसतात. 2024च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्राच्या अस्तामुळे मुख्य मुहूर्त जवळपास नव्हतेच, काढीव मुहूर्तांवर काही लग्नं लागली. 2026चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा, म्हणजे ऐन सुट्टीच्या दिवसांवर बसणारा. अशा वर्षी 35च्या जागी 25 लग्नं मिळाली तर वरच्याच हिशेबात प्रत्येक लग्नावरचा भार 30,000चा 42,000 होतो आणि लग्न नफ्याशिवाय 77,000ला पडतं. खर्चाने पंचांग पाहिलेलं नसतं. 2021च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लग्नाला 25 माणसं आणि दोन तासांची मर्यादा घातली, तेव्हाही असंच झालं. दोन तासांचं लग्न म्हणजे पैसे कमी, हे यजमानाचं म्हणणं वरकरणी बरोबर वाटे. पण गाळ्याचं भाडं दोन तासांचं झालं नव्हतं.

याच भागाकारातून ‘मार्केट रेट’चं कोडंही सुटतं. 35च्या जागी 50 लग्नं करणाऱ्याचा भार 21,000 आणि एकूण खर्च 56,000. म्हणजे 55,000चा रेट जेमतेम तोंडमिळवणी करतो तो वर्षाला पन्नास लग्नं करणाऱ्याची. शूटिंगचे एक-दोन आणि टेबलावरचे तीन-चार दिवस धरले तर पन्नास लग्नांत वर्षातले अडीचशे दिवस जातात. एकट्याने हे करणं कठीण. मग हा रेट परवडतो कुणाला? वडिलांचा स्वतःचा गाळा आहे त्याला. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कॅमेरा धरणाऱ्याला, कारण त्याचं घर पगारावर चालतं. आणि अजून हिशेबच न मांडलेल्या नवख्याला, जो दोन-तीन वर्षांत धंदा सोडतो आणि त्याची जागा तसाच दुसरा घेतो. म्हणून बाजारभाव हा वेगळ्या खर्चाच्या माणसांनी ठरवलेला आकडा आहे. तो माहीत असावा, त्यावर नजर ठेवावी; पण भाड्याच्या गाळ्यात बसून त्याच भावाला काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणं.

यावर तालुक्यातालुक्यांतल्या फोटोग्राफर संघटनांनी काढलेला उपाय म्हणजे छापील दरपत्रक. स्टुडिओत फ्रेम करून लावलेलं असतं, खाली अध्यक्ष-सचिवांची नावं असतात. भावना समजण्यासारखी आहे. पण दरपत्रक पहिल्या दाट तिथीपर्यंतही टिकत नाही, आणि एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव बांधून घेणं 2002च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात अडकू शकतं. संघटनेने भावाऐवजी हिशेबाची रीत शिकवली, करारनाम्याचा नमुना दिला, आजारी पडलेल्या सभासदाचं लग्न दुसऱ्याने सांभाळायची व्यवस्था केली, तर ती अधिक उपयोगाची ठरेल.

तिथींचा उलटा फायदा मात्र फार थोडे घेतात. महाबळेश्वरची हॉटेलं मे महिन्यात आणि जुलैत एकच भाडं लावत नाहीत, फोटोग्राफर लावतो. दाट तिथीच्या दिवशी त्याला तीन ठिकाणांहून विचारणा येते, तो तिन्ही घेतो, दोन ठिकाणी रोजावरची माणसं पाठवतो आणि तिथलं काम त्याच्या नावावर बिघडतं. त्याऐवजी एकच लग्न चढ्या भावाने घेणं शक्य असतं. मधल्या वारी, बिनमुहूर्ताच्या दिवशी होणाऱ्या नोंदणी विवाहाला किंवा साखरपुड्याला भाव उतरवावा. तो दिवस नाहीतरी रिकामाच जाणार होता. तारखेप्रमाणे भाव सांगितला तर लोक चिडतील अशी भीती असते. मंगल कार्यालय, आचारी आणि बँडवाला यांना वेगळा भाव देण्याची सवय त्याच लोकांना झालेली आहे.

सवलतीचा हिशेब तर फार कमी जण मांडतात. 76,500च्या भावातून रोख खर्चाचे 35,000 गेले की 41,500 उरतात. ‘दहा टक्के कमी करा हो’ म्हटल्यावर 7,650 सोडले, तर उरतात 33,850. ग्राहकाला दहा टक्के मिळाले, फोटोग्राफरचे अठरा टक्क्यांहून जास्त गेले. 35 लग्नांत जेवढं उरणार होतं तेवढंच उरायला आता 43 लग्नं करावी लागतील. आठ जादा लग्नं, म्हणजे जवळपास दीड महिन्याची मजुरी. भाव कमी करायचाच तर काम कमी करून करावा: एक कॅमेरा कमी, अल्बम धाकटा, टीझर नाही. आकडा उतरला आणि यादी तशीच राहिली की पुढच्या पाहुण्याला तोच आकडा कळतो आणि तोच रेट होतो.

आणि पाहुणे हा मराठी धंद्यातला स्वतंत्र विषय आहे. भावकीतलं लग्न, वर्गमित्राच्या बहिणीचं लग्न, सरपंचांच्या मुलाचं बारसं, नगरसेवकाचा वाढदिवस. ‘घरचंच आहे’ म्हणून भाव विचारला जात नाही आणि ‘आपलंच समजून घ्या’ म्हणून दिला जात नाही. पुढाऱ्याच्या फोटोवरून गावभर फ्लेक्स लागतात, फ्लेक्सवाल्याला पैसे मिळतात, फोटो काढणाऱ्याला पुढच्या कामाचं आश्वासन. हे पूर्ण टाळता येत नाही. गावात राहायचं असतं. पण अशा कामांचीही पावती पूर्ण भावाने करावी, खाली ‘आहेर’ म्हणून रक्कम वजा दाखवावी. घेणाऱ्याला आहेर केवढ्याचा होता ते कळतं, आणि वर्षअखेरीला देणाऱ्यालाही कळतं.

पॅकेजच्या सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या पायऱ्या आता गावोगाव आल्या आहेत. तीन भाव समोर ठेवले की बरेच लोक मधला घेतात, हे दुकानदारीतलं जुनं शहाणपण. युक्ती चांगली आहे, एका अटीवर: सिल्व्हरनेही आपला भार स्वतः उचलला पाहिजे. बहुतेक ठिकाणी सिल्व्हर हे गिऱ्हाईक आत ओढायला तोट्यात ठेवलेलं असतं आणि नेमकं तेच खपतं. ‘ड्रोन फ्री’ हा तर शुद्ध वेडेपणा. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, उडवण्याच्या जागेचीही बंधनं आहेत. शिवाय पडला तर नुकसान आपलं. एवढी जोखीम फुकट वाटायची आणि अल्बमच्या जादा पानाला मात्र पैसे लावायचे, हे उलटं झालं. पॅकेजमध्ये वेळ लिहावा: किती वाजेपर्यंत, हळद धरून की सोडून, वरात किती वेळ, अल्बममध्ये किती वेळा बदल. हळद आता फार्महाउसवरचा स्वतंत्र सोहळा झाली आहे. ती जुन्या सवयीने लग्नाच्याच भावात जाते आणि एक अख्खा दिवस फुकट जातो.

उधारीचं दुखणं अल्बमशी बांधलेलं आहे. लग्न झालं, नवरा-नवरी फिरायला गेली, फोटो निवडायला वेळ नाही. निवड नाही म्हणून अल्बम नाही, अल्बम नाही म्हणून शेवटचा हप्ता नाही. वर्ष-दोन वर्षं अशीच जातात. कधी अल्बम तयार होऊन कपाटात पडून राहतो. शेवटच्या हप्त्यात नफा ठेवला तर तो असा अडकतो. तारीख धरताना 30 टक्के, लग्नाच्या सकाळपर्यंत आणखी 60, अल्बमच्या वेळी फक्त 10, आणि फोटो 60 दिवसांत निवडले नाहीत तर फोटोग्राफर स्वतः निवडेल, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तरी बरंचसं भागतं. कागद दुसऱ्या बाजूनेही बांधतो. अल्बम वेळेत दिला नाही किंवा फोटोच हरवले तर यजमान 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे जाऊ शकतो. त्यामुळे दुसरी हार्डडिस्क आणि विमा यांचा खर्च भावात धरणं ही चैन नव्हे.

आता जीएसटी. फोटोग्राफीच्या सेवेवर 18 टक्के कर आहे आणि महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची. वरचा 55,000चा रेट 35 लग्नांनी गुणला तर 19,25,000 होतात, रेषेच्या जरा आत. 76,500ने गुणला तर 26,77,500, रेषेच्या पलीकडे. घरगुती ग्राहकाला भरलेल्या कराचा परतावा नसतो. त्याच्या दृष्टीने 76,500चे 90,270 होतात. भाव वाढवू पाहणाऱ्याला मग शेजाऱ्याच्या 55,000शी नव्वद हजारांनी लढावं लागतं, आणि तो वीस लाखांच्या आत राहण्यासाठी एक तर कामं कमी घेतो, किंवा भाव दाबतो, किंवा रोखीने घेऊन लिहीतच नाही. तिसऱ्या वाटेची किंमत गृहकर्ज मागायला गेल्यावर कळते. 50 लाखांपर्यंतच्या सेवाधंद्याला 6 टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. वरच्या उलाढालीवर तिचे 1,60,650 होतात, लग्नामागे 4,590. ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, कॅमेऱ्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, राज्याबाहेर सेवा देता येत नाही. पण भाव एकच आकडा राहतो. तालुक्यातल्या, फक्त महाराष्ट्रात काम करणाऱ्या स्टुडिओला मला हीच वाट बरी वाटते. गोव्यात समुद्रकाठच्या लग्नांची कामं घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाला ती बंद आहे.

कंपन्यांच्या कामात हिशेब अगदीच वेगळा. तिथे 18 टक्क्यांचं ओझं सहसा नसतं, कारण कंपनी क्रेडिट घेते. प्रश्न असतो हक्कांचा. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच फोटोचा कर्ता. पण त्याच कायद्याचं 17वं कलम सांगतं, की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाच्या फोटोंत याने फारसं बिघडत नाही. जाहिरातीच्या फोटोंत मात्र सगळा नफा इथे असतो. एखाद्या मसालेवाल्याच्या पाकिटासाठी काढलेला फोटो सांगलीच्या दुकानात दिसणं, राज्यभर होर्डिंगवर दिसणं आणि दहा वर्षं परदेशी पाकिटांवर दिसणं, या तिन्हींना शूटिंगचा दिवस एकच लागला, पण धंद्याला झालेला उपयोग एक नव्हता. बाहेरच्या देशांत दिवसाचा मोबदला आणि वापराचा परवाना वेगळे लावण्याची रीत मुरलेली आहे. आपल्याकडे परचेस ऑर्डरमध्ये ‘सर्व हक्क कंपनीचे’ हे वाक्य आधीच छापलेलं असतं आणि फोटोग्राफर ते न वाचता सही करतो. हक्क द्यायचेच असतील तर त्यांची किंमत लावून द्यावेत. आणि हक्क करारात स्वतःकडे राखून ते ठरावीक वापरासाठी लेखी सोपवले, पण मुदत आणि प्रदेश लिहायचा राहिला, तर 19व्या कलमाप्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरला जातो. हे ठाऊक असलेल्या माणसाला सहाव्या वर्षी पुन्हा बिल करता येतं.

कंपन्यांचं दुसरं दुखणं उशिरा पैशांचं. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाला 2006च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे: लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023-24पासून आयकरातही असं थकवलेलं देणं कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चच्या सुमारास लेखा विभागाला आठवण लवकर होते. बिलावर उद्यम क्रमांक छापायला खर्च काहीच नाही.

कॅटलॉगच्या, नगावर भाव असलेल्या कामाचं भविष्य मला कठीण दिसतं. साडी, भांडी, चपला पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून शेकड्याने फोटो काढायचे, आणि प्रत्येक फोटोला ठरलेले रुपये. स्टॉक फोटोंच्या बाबतीत हे आधी घडून गेलंय: 2000 साली निघालेल्या आयस्टॉकने फोटो अगदी चिल्लर किमतीत विकायला सुरुवात केली, 2006मध्ये गेटी इमेजेसने ती कंपनी 5 कोटी डॉलरला विकत घेतली, आणि जुन्या भावाने जगणाऱ्या स्टॉक फोटोग्राफरांची मिळकत परत वर आली नाही. आता पार्श्वभूमी, सावली, कधी कधी मॉडेलसुद्धा एआय बनवतं. नगावरच्या भावाशी स्पर्धा करणारं यंत्र दिवस मोजत नाही. लग्न, बारसं, कारखान्याचा चालू विभाग, नाटकाची तालीम, जिथे माणसाने तिथे त्या वेळी हजर असावं लागतं, त्या कामांचा भाव टिकेल असा माझा अंदाज आहे.

राहता राहिला भाव वाढवण्याचा मुहूर्त. लग्नाच्या तारखा सहा-आठ महिने आधी धरल्या जातात, म्हणून आज ठरवलेली वाढ खात्यात पुढच्या हंगामात दिसते. मधल्या काळात जुन्या भावाची कामं हातावेगळी करावी लागतात, आणि ती त्याच मनाने करावी लागतात. नवा भाव आषाढात, काम थंड असताना ठरवावा आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चौकशीपासून सांगायला लागावं. दरवर्षी थोडा वाढवलेला भाव लोक घेतात. पाच वर्षं तोच ठेवून सहाव्या वर्षी एकदम दीडपट केला की जुनी घरं तुटतात. पहिल्या हंगामात दहातल्या चार-पाच चौकश्या परत जातील. वरच्याच आकड्यांत, 76,500ने 28 लग्नं मिळाली तर रोख खर्च जाऊन 11,62,000 उरतात; 55,000ने 35 केल्यावर 7,00,000 उरत होते. सात लग्नं कमी, म्हणजे टेबलावरचे आणि मांडवातले मिळून महिनाभराचे दिवस मोकळे, आणि त्या दिवसांत कारखान्याच्या किंवा बारशाच्या कामाला जाता येतं.